हिला पाणी नाही

माझी मावशी जिवंत माणसाला ‘मुडद्या’ म्हणायची आणि मेलेल्याला ‘बाळा’. बाई असो की पुरुष, शब्द एकच. लाँड्रीच्या दारात कुणी पावती हरवून आला, कुणी सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून भांडायला आली, की आतून आवाज यायचा, “आला का मुडदा!” आणि त्याच दिवशी आमच्यातली एखादी बाई गेली, तर हीच मावशी बाह्या वर सारून तिच्या उशाशी उभी राहायची आणि म्हणायची, “चल बाळा, आंघोळ करू या.”

गावात आम्हा यहुद्यांची घरं नऊ. प्रार्थनाघर एक, त्याच्यामागे दफनभूमी, आणि दोन्हींच्या मधे मेलेल्यांना धुण्याची खोली. आमच्यात पुरुषांना पुरुष धुतात, बायकांना बायका. बायकांचं काम मावशीकडे आणि तिच्या हाताखाली मी. त्या खोलीत जे दिसतं ते बाहेर बोलायचं नाही, असा नियम. कुणाच्या पाठीवर काय होतं, कुणाच्या पोटावर काय होतं, सगळं पाण्याबरोबर मोरीत जायचं. आज मी तो नियम मोडतेय. कुणाला राग यायचा असेल तर खुशाल येऊ दे. त्या नियमानं काय केलं ते मी या डोळ्यांनी बघितलंय.

मावशी अंगानं आडवी, हात कोपरापर्यंत लाल, सोड्यानं कातडी सोललेली. तिचा नवरा तिला मारायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण भिंती पातळ आणि मावशीचा आवाज दांडगा. एक दिवस त्यानं तिचं डोकं इस्त्रीच्या टेबलावर आपटलं. तिनं कपडे बडवायचं लाकडी धोपटणं उचललं आणि त्याच्या खांद्यात असं घातलं की गळ्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं. तो जमिनीवर लोळत होता आणि ही त्याच्या छातीवर पाय देऊन विचारत होती, “अजून एक देऊ? बोल की मुडद्या, आता का दातखीळ बसली?” हाड जुळल्यावर तो जो गेला तो पुन्हा दिसला नाही. वर्षभरानं माझी आई वारली आणि मी मावशीकडे आले, सहा वर्षांची. माझे तिनं लाड केले, पण मार आधी आणि लाड मागाहून.

काम शिकवलं तेही तसंच. पांढरे कपडे वेगळ्या हौदात, रंगीत वेगळ्या. निळीचं पाणी हातावर घेऊन बघायचं. कोळशाची इस्त्री आधी जुन्या फडक्यावर फिरवायची. एकदा मी रक्ताचा डाग पडलेला रुमाल गरम पाण्यात टाकला, तर तिनं माझा कान धरून मला हौदाशी नेलं. “रक्त गार पाण्यात. गार पाणी आणि मीठ. गरमात घातलंस की ते शिजतं, मग जन्मात निघत नाही. कळलं?” कान दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत होता, पण डाग काढण्यात मी तयार झाले.

आता गिरणीवाल्याचं सांगते. पिठाची गिरणी त्याची, आणि गिरणीला लागूनच घर. प्रार्थनाघराच्या किल्ल्या त्याच्याकडे. मोठा आवाज, रुंद छाती, सगळ्यांशी हसून बोलणार. त्याची पहिली बायको तापानं गेली असं सांगितलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मावशीनं आणि एका म्हातारीनं तिला धुतलं, मी बाहेर पाणी भरत होते. घरी आल्यावर मावशीनं एक चादर दगडावर घेतली आणि धोपटण्यानं बडवायला लागली. इतकी बडवली की चादरीच्या चिंध्या झाल्या. मी विचारलं, “काय झालं गं?” त्यावर माझ्या थोबाडीत बसली.

वर्षाच्या आत त्यानं दुसरी केली. कुठून तरी लांबून आणलेली, बारीक आवाजाची, माहेरचं कुणी नाही. तिला सगळे धाकटी म्हणायचे. तिला मुलगी झाली, ती सदा पिठानं माखलेली असायची म्हणून तिचं नाव पडलं पिठी. धाकटी दर आठवड्याला कपड्यांचं बोचकं घेऊन लाँड्रीत यायची, पिठी तिच्या मागे मागे. त्या बोचक्यात उशांचे अभ्रे असायचे आणि अभ्र्यांवर रक्त.

“नाकातून येतं,” धाकटी एकदा म्हणाली. “उष्णतेनं.”

“उष्णतेला हात असतात वाटतं,” मावशी म्हणाली.

धाकटीनं मान खाली घातली. मावशीनं तिच्या पुढ्यात चहा ठेवला, पिठीच्या हातात बिस्किट दिलं आणि अभ्रे गार पाण्यात बुडवले. पुढच्या आठवड्यात ते पांढरेशुभ्र, घडी घालून परत गेले. असं कितीतरी वेळा.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याचं हाड मोडणारी बाई इथे गप्प का बसली? माझ्यामुळे. गिरणीवाल्याच्या धाकट्या भावाशी माझं लग्न ठरलं होतं. नऊ घरांत लग्नाच्या वयाचा मुलगा तो एकच. आणि खोटं कशाला बोलू, मला तो हवा होता. पोती उचलताना त्याचे दंड असे फुगायचे, आणि लाँड्रीवरून जाताना शीळ घालायचा. मावशी आधी नाहीच म्हणत होती. “त्या घरात? माझ्या मढ्यावरून जा.” मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी मी पेटती इस्त्री भिंतीवर फेकून मारली. निखारे सगळीकडे उडाले, एक तिच्या पावलावर पडला. तिनं तो नुसत्या हातानं उचलून मोरीत टाकला आणि म्हणाली, “कर. तुझं तू बघ.” महिनाभरानंतरचा दिवस ठरला.

आणि एका शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला सुतारदादा लाँड्रीत आला. सुतारदादा म्हणजे आमच्यात पेट्या बनवणारा आणि कबरी खणणारा. सरळ माणूस, डोक्यानं जरा जड. त्याला कावेबाजी कळायची नाही, त्याला नियम कळायचे. म्हणाला, “गिरणीवाल्याची धाकटी गेली. ताप चढला म्हणे. शुक्रवार आहे, तेव्हा दोनच्या आत आटपायला सांगितलंय.”

शुक्रवारी सूर्य बुडाला की आमचा शब्बाथ लागतो, मग दुसऱ्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत माती देता येत नाही. त्यामुळे घाई कुणाला खटकली नाही. मावशी हातातला सदरा तसाच टाकून उठली. “काल तर आली होती की गं,” ती म्हणाली. “कपाळ थंडगार होतं. मी हात लावून बघितलं होतं.”

धुण्याच्या खोलीत एक उतरती फळी असते, तिच्या खाली मोरी. धाकटी त्या फळीवर होती. निळा झगा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. बाहेर अंगणात सगळे पुरुष जमले होते. गिरणीवाला मोठमोठ्यानं रडत होता आणि त्याची आई छाती बडवत होती. मी दार लावून घेतलं, कोमट पाण्याच्या तीन बादल्या भरून ओळीनं ठेवल्या. तीन बादल्या एकापाठोपाठ ओतायच्या असतात आणि धार तुटू द्यायची नसते. एकीचं पाणी संपायच्या आत दुसरी सुरू करावी लागते, म्हणून दोघी लागतात.

मावशी झग्याकडे बघत उभी होती.

“हा झगा मी बुधवारी इस्त्री करून दिलाय,” ती म्हणाली. “घडीसुद्धा मोडलेली नाही. तापानं फणफणलेली बाई कोऱ्या घडीचा झगा घालून मरते होय?”

तिनं डोक्याचा रुमाल सोडला. केस एकमेकांना चिकटून कडक झाले होते. मागच्या बाजूला कवटी आत गेली होती, आणि त्या रक्तात पीठ होतं. भाकरीच्या पिठासारखं मळलं गेलेलं, वाळलेलं. मावशीनं तिला कुशीवर वळवलं आणि झगा मागून वर केला. पाठीवर पट्ट्याचे वळ होते, जुने पिवळे आणि नवे काळेनिळे. साधा पट्टा नव्हे, गिरणीचं चाक फिरवणारा रुंद पट्टा. त्याच्या जोडावर खिळ्यांची रांग असते. ती रांग कातडीवर जशीच्या तशी उठली होती. खिळा न खिळा मोजता आला असता.

आता नियम सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्यात प्रत्येक मृताला धुतात. फक्त ज्याचा जीव रक्त सांडून गेला, त्याला धूत नाहीत. ते रक्त त्याचं असतं, ते त्याच्याबरोबर जातं. तो होता त्या कपड्यांसकट, न धुता त्याला पुरतात. रक्त जमिनीवर सांडलं असेल तर ती मातीसुद्धा खरवडून सोबत पुरायची. म्हणजे धुतलं की ती तापानं गेली, आणि न धुता बाहेर आणली की अंगणातल्या प्रत्येकाला न सांगता कळणार.

मावशी मट्‌कन जमिनीवर बसली. मला सगळं कळलं होतं. आणि मी काय बोलले ते ऐका.

मी म्हणाले, “मावशी, धू ना.”

तिनं वर बघितलं.

“ती तर गेलीच आहे,” मी म्हणाले. “आता तिचं काय होणार? माझं लग्न चार आठवड्यांवर आलंय. धू ना गं.” आणि मी पहिली बादली उचलूनसुद्धा घेतली.

ती कधी उठली ते मला दिसलंच नाही. ओला हात इतक्या जोरात कानशिलात बसला की मी बादलीसकट भिंतीवर गेले. ओठ फुटला. ती माझ्यावर वाकली आणि दातओठ खात, हळू आवाजात बोलली, कारण बाहेर माणसं होती.

“पहिलीच्या पाठीवरही हेच खिळे होते. मी मोजले होते. मोजले आणि धुतले, नियम म्हणून. बोलायचं नाही म्हणून गप्प बसले. ही पोरगी चार वर्षं माझ्याकडे अभ्रे घेऊन आली आणि मी मीठ लावून लावून त्याची पापं पांढरी करून दिली. आणि आता तू मला धू म्हणतेस? उद्या त्या फळीवर तुला धुवायचं का मी?”

मी रडायला लागले. तिनं माझ्याकडे पाठ फिरवली. सुरुवात करण्यापूर्वी धुणारीनं मृताचं नाव घेऊन त्याची क्षमा मागायची असते. मावशी धाकटीच्या कानाशी वाकली, तिच्या गालावर हात ठेवला आणि क्षमा मागितली. पण नाव तिनं पहिलीचं घेतलं. मग थांबली, आणि धाकटीचंही घेतलं. “बाळा,” म्हणाली, “आज चुकणार नाही.”

मग तिनं दार उघडलं, एकेक भरलेली बादली उचलली आणि उंबऱ्यावरून अंगणात पालथी केली. तीनही. पाणी लोकांच्या बुटांवरून वाहत गेलं. गिरणीवाल्याचं रडणं मध्येच थांबलं.

“हिला पाणी नाही,” मावशी म्हणाली.

मग गिरणीवाला पुढे आला, चेहरा लालबुंद. “काय बरळतेस? तापानं गेली ती.”

“मग हिचं रक्त हिच्याबरोबर द्यावं लागेल,” मावशी म्हणाली, जशी काही ती त्याचं बोलणं ऐकतच नव्हती. “हा झगा हिच्या मरणाचा नाही. खरे कपडे आणा. आणि रक्त कुठे सांडलं ते दाखवा. सुतारदादा उचलेल.”

“बाईचं डोकं फिरलंय!” गिरणीवाल्याची आई किंचाळली. “लग्नाच्या तोंडावर आमच्या घरावर उलटली सटवी!”

तेव्हा तो धाकटा भाऊ माझ्याकडे वळला. माझा होणारा नवरा. “तू आत होतीस,” तो म्हणाला. “सांग सगळ्यांना. तापच होता ना?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या फुटलेल्या ओठाचं रक्त हनुवटीवरून गळत होतं. मी हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही. मी जमिनीकडे बघत उभी राहिले, आणि ते मी आजवर स्वतःला माफ केलेलं नाही.

सुतारदादा मात्र कामाला लागला. त्यानं पोतं घेतलं, थापी घेतली आणि गिरणीवाल्याला अगदी साधेपणानं विचारलं, “कुठे पडलंय रक्त?”

“कुठेच नाही!”

“मग मी बघतो घरात,” तो म्हणाला. “उचलायला लागतंच. नियम आहे.”

गिरणीवाल्यानं त्याच्या छातीत गुद्दा हाणला. सुतारदादा चिखलात उताणा पडला. उठला, गुडघे झटकले, पोतं उचललं आणि पुन्हा अंगणाच्या फाटकाकडे निघाला. दुसरा गुद्दा तोंडावर बसला. पुन्हा उठला. अहो, त्या माणसाला राग नव्हता आला, त्याला फक्त काम पुरं करायचं होतं. तिसऱ्यांदा गिरणीवाल्यानं फाटकाचा लोखंडी अडसर उपसला, तेव्हा मावशी मधे गेली. तिनं उजव्या हातानं फाटकाचा खांब घट्ट धरला. “जा रे दादा तू,” ती म्हणाली. अडसर तिच्या बोटांवर आला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. तिनं खांब सोडला नाही. दुसरा घाव त्याच बोटांवर. मग ती डाव्या हातानं त्याच्या गळ्याला लोंबकळली आणि दातांनी त्याचा कान धरला. तो गुरासारखा ओरडत होता, ही सोडत नव्हती. दोघंही पडले, चिखलात लोळले, तिच्या तोंडातून रक्त, त्याच्या कानातून रक्त. तेव्हा कुठे आमच्या मर्दांना पाय फुटले. चौघांनी मिळून त्याला दाबून धरला. इतका वेळ ते काय बघत होते ते त्यांचं त्यांना ठाऊक.

सुतारदादा या सगळ्याच्या बाजूनं निघून गेला होता. अर्ध्या तासानं परत आला. पोत्यात पिठाचे गोळे होते, गडद लाल, सुकून दगड झालेले. भोवतालची जमीन त्यानं थापीनं खरवडून आणली होती. काखेत एक तपकिरी झगा गुंडाळलेला, कोंड्याच्या पिंपात खुपसून ठेवलेला त्याला मिळाला होता. सुजलेल्या तोंडानं त्यानं मावशीला विचारलं, “जात्याच्या मागे एवढंच होतं. पुरेल का?”

त्याला खरंच फक्त तेवढंच विचारायचं होतं. पण ते ऐकून गिरणीवाल्याची आई जी खाली बसली ती फौजदार येईपर्यंत उठलीच नाही.

फौजदार आला, डॉक्टर आला. डॉक्टरनं तिथेच खोलीत तपासलं आणि लिहून घेतलं. झगाही फौजदारानं नेला आणि पोत्यातलं मूठभर पुडीत बांधून नेलं. त्यावरून सुतारदादानं त्याच्याशी हुज्जत घातली, “साहेब, हे तिचं आहे.” सूर्य बुडायला घटकाभर असताना धाकटीला माती दिली, न धुता, तिच्या कुशीत ते पोतं. खटला संपला, गिरणीवाला जन्मठेपेला गेला, तेव्हा सुतारदादा कचेरीत जाऊन बसला आणि झगा आणि पुडी मागून आणली. मग तिची माती उकरून दोन्ही आत ठेवलं.

खटल्याच्या कितीतरी आधी, गाव सोडून जाताना, गिरणीवाल्याच्या धाकट्या भावानं लाँड्रीत येऊन आमच्या काचा फोडल्या, इस्त्र्या हौदात फेकल्या आणि मला दोरीवरच्या ओल्या चादरीत गुंडाळून लाथांनी तुडवलं. मावशीचा मोडलेला हात आधाराच्या पट्टीला बांधलेला होता, तरी तिनं डाव्या हातानं त्याच्यावर सोड्याचं उकळतं पाणी फेकलं. तो ओरडत पळाला. मग गिरणीला कुलूप लागलं. जाताना गिरणीवाल्याच्या आईनं पिठीला आमच्या दारात आणून उभं केलं, हातात एवढंसं बोचकं. “तुम्ही हिच्या बापाला खाल्लंत,” ती म्हणाली, “आता तुम्हीच हिला खायला घाला.” पिठीनं मावशीच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, “दुखतं?” मावशी म्हणाली, “नाही गं बाळा.” जिवंत माणसाला बाळा म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

सामुदायिक प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात. गिरणीच्या घरातले गेले आणि आठच उरले. शब्बाथला प्रार्थनाघर बंद राहायला लागलं. लोक मावशीला तोंडावर म्हणायचे, तुझ्या हट्टापायी प्रार्थना बुडाली. मावशी लाँड्रीच्या दारातून ओरडायची, “दहा मुडदे जमवून कसली प्रार्थना करणार होतात रे?” हळूहळू लोकांचे कपडेही कमी झाले. आम्ही कुणाच्या पाया पडलो नाही.

माझं पुढे लग्न झालं नाही. पिठीला मी वाढवलं. ती मला आई म्हणायची आणि मावशीला आजी. तिची आई कशी गेली, आजीनं पाणी कसं ओतून दिलं, हे तिला सगळं सांगितलं होतं. त्या खोलीत मी काय बोलले, तेवढं मात्र सांगितलं नव्हतं. मावशीनंही कधी तोंड उघडलं नाही. पंधरा वर्षं आम्ही दोघी एका छपराखाली राहिलो, भांडलो, एकमेकींचे उद्धार केले, पण ते वाक्य तिनं माझ्या तोंडावर कधी फेकलं नाही.

परवाच्या हिवाळ्यात मावशी झोपेतच गेली. कुणी मारलं नाही, रक्त सांडलं नाही. तिला पाणी होतं. फळीवर मी तिला घेतलं आणि दुसरी बादली धरायला पिठी होती, एकोणीस वर्षांची. धाकटीच्या वेळी मी जेवढी होते तेवढीच.

मृताचे हात उघडे ठेवायचे असतात, मूठ वळलेली चालत नाही. मावशीची उजवी बोटं काही उघडेनात. अडसराखाली मोडली होती ती वाकडीच जुळली होती, खांब धरल्यासारखी. मी गरम फडक्यानं शेकली, चोळली, एकेक ओढून बघितलं. नाहीच. मग क्षमा मागायची वेळ आली. मी तिच्या कानाशी वाकले, नाव घेतलं, आणि इतक्या वर्षांचं एकदम बाहेर पडलं.

“मावशी, त्या दिवशी मी तुला धू ना म्हणाले. लग्नासाठी म्हणाले. खिळे बघून म्हणाले. मला माफ कर.”

मी मोठ्यानं बोलले होते. मागे कोण उभं आहे ते मी विसरले होते.

मी पहिली बादली उचलली आणि डोक्याकडून ओतायला लागले. छाती झाली, पोट झालं, पाणी संपत आलं. पिठी दुसरी बादली हातात धरून तशीच उभी होती. “पिठी,” मी म्हणाले. ती हलली नाही. माझ्या बादलीचा तळ दिसायला लागला. “पोरी, धार तुटेल गं. आजीची धार तुटेल.” शेवटची धार बोटाएवढी बारीक झाली, तेव्हा तिनं बादली वाकडी केली. तिचं पाणी माझ्या पाण्यात पडलं. तिसरीही तिनंच ओतली.

बादली खाली ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं.

“माझ्या आईला धुवायला सांगितलंस?”

“हो.”

“माहीत असून?”

“हो.”

तिनं मला थोबाडीत मारली. ओल्या हातानं, मावशीनं मारली होती त्याच गालावर. मी मोरीजवळ गुडघ्यांवर पडले आणि तशीच राहिले, कारण उठायचा मला हक्क आहे असं वाटेना. ती रडत नव्हती. तिनं कपाटातून कफन काढलं, मावशीच्या पायाशी जाऊन उलगडलं, एक टोक तिच्या हातात, दुसरं हवेत लोंबत होतं. पंधरा वर्षं ती मला आई म्हणत होती.

“ऊठ, मुडद्या,” पिठी म्हणाली. “ते टोक धर.”

मी उठले आणि टोक धरलं.